दूरनियंत्रित उड्डाण-चाचणी
नव्या रचनेच्या विमानात वैमानिक न बसविता, जमिनीवरील वैमानिक-कक्षातून त्याचे उड्डाण करून घेण्याची पद्धती. विमानातील उपकरणांची मापे रेडिओद्वारे या कक्षातील मापकांवर दिसतात व वैमानिकाने नियंत्रण-दांडा हलविताच तशी आज्ञा विमानाकडे जाते.

या पद्धतीचा पाया मुख्यतः कॅलिफोर्नियातील एडवर्ड्झ येथील ‘नासा’च्या उड्डाण-संशोधन केंद्रात घातला गेला. १२ डिसेंबर १९६९ रोजी हेलिकॉप्टरमधून सोडलेले ‘हायपर-३’ हे इंजिनरहित विमान मिल्टन टॉम्प्सन यांनी जमिनीवरून केवळ मापके पाहून चालविले. ते उतरविताना मात्र विमान प्रत्यक्ष पाहणाऱ्या दुसऱ्या चालकाने नियंत्रण हाती घेतले. १९७३ पासून एफ-१५ या लढाऊ विमानाच्या ३/८ प्रमाणातील प्रतिकृती बी-५२ विमानाखालून सोडून, वैमानिकाच्या जिवाला धोका ठरणाऱ्या गिरकीच्या अवस्थांचा अभ्यास करण्यात आला. पहिल्या उड्डाणात आयनार एनेव्होल्डसन यांच्या हृदयाचे ठोके मिनिटास १३०-१४० पर्यंत गेले. एरवी विमानात बसून उड्डाण करताना ते ७०-८० असत. विमानाचा कल, हादरे व आवाज शरीराला जाणवत नसल्याने प्रत्येक गोष्ट मापकांवरूनच ताडावी लागे व विमान गमावण्याची जबाबदारी तर कायमच असे.

१९७९-८३ या काळात दोन ‘हायमॅट’ विमानांची २६ उड्डाणे झाली. जमिनीवरील नियंत्रण निकामी झाल्यास विमान सांभाळण्यासाठी सोबतच्या टीएफ-१०४जी विमानात दुसरा चालक असे. जिवाचा धोका टळला, तरी चाचणी-वैमानिकाच्या कौशल्याची गरज टळत नाही, हे या प्रयोगांवरून स्पष्ट झाले.