तारांचीं नांवें



१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. १ मे १८५४ रोजीं रूळ कल्याणास पोंचले. पुढें पुष्कळ वर्षें केबिनमधील लिव्हर ओढून तारेनें सिग्नलाचा हात हलवीत. कोणती तार कोठें जाते, तें डोळ्यांनीं दिसे.

मग वीज आली आणि तारा दृष्टीआड झाल्या. कल्याणास इगतपुरीचा व कर्जतचा मार्ग फुटतो. अशा जंक्शनांतील सिग्नल, सांधे व रूळ यांच्या तारांचा आराखडा एका कागदावर मावत नाहीं. एका पानाच्या कडेशीं थांबलेली तार दुसऱ्या पानावर पुन्हां निघते. त्या दोन टोकांस जोडणारें काय? केवळ नांव! भूगोल शिकवितांना मी सांगत असें, कीं नकाशाच्या कडेशीं उल्हास नदी आटत नाहीं. शेजारच्या नकाशावर तेंच नांव शोधा.

नांवाची रीत अशी: प्रथम रुळाचा वा सिग्नलाचा क्रमांक, नंतर कार्याचीं अक्षरें. 'टीआर' म्हणजे रुळावर गाडी आहे कीं नाहीं हें सांगणारा रिले. 'टीपीआर' म्हणजे त्याचीच री ओढणारा दुसरा.

पुष्कळ तारा एकाच केबलमधून जातात. तेव्हां केबल एका रेघेनें काढून आंतील तारांची यादी शेजारीं देतात. पान स्वच्छ दिसतें. परंतु केबलचें नांव जुळलें म्हणजे आंतील तारा जुळल्याच, असें नव्हे. संगणकावर आराखडा काढतांना तर अधिकच जपावें लागतें. संगणक नांव पाहतो, हेतु पाहत नाहीं. एक अक्षर चुकलें कीं तार तुटली. दोन निराळ्या तारांस एकच नांव पडलें कीं त्या एक झाल्या.

ही केवळ कागदी काळजी नव्हे. २ जून २०२३ रोजीं ओडिशांतील बहानगा बाजार स्थानकांत सिग्नल मुख्य मार्गाचा हिरवा होता, सांधे मात्र बाजूच्या मार्गास लागलेले होते. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. सिग्नलच्या तारजोडणींत केलेल्या फेरफारांतील चुका चौकशींत कारण ठरल्या; तारांवरील चुकीचीं नांवें हा त्यांतलाच एक दोष.

म्हणून नांव बदलावयाचें तर तें सर्व पानांवर आणि प्रत्यक्ष तारेच्या टोकावरहि बदलावें. नंतर दुसऱ्यानें तें पडताळावें. आम्ही शिक्षक रोज हजेरी घेतों, ती पट भरण्यासाठीं नव्हे. पटावरचें नांव आणि बाकावरचा मुलगा एकच आहे ना, हें पाहण्यासाठीं.