बारा नारळ

मे महिना आला की आम्हां बदलीच्या चाकरमान्यांच्या घरी एक प्रश्न दरसाल उभा राहतो: मुलांनी दिवसभर करावे काय? देशी आजोळ असते, मावसभावंडे असतात. येथे बंगळूरच्या वेशीवर, बोम्मसंद्रा येथील कारखान्यांच्या वस्तीत, दुपारी दारे लावून मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. त्यांतच मुलांच्या मराठीत कानडी नि हिंदी शब्द शिरलेले ऐकून मी अस्वस्थ झालो आणि यंदा सुट्टीभर घरात मराठीवाचून दुसरी भाषा बोलू नये, असा हुकूम काढला. परिणाम इतकाच झाला की मुले बोलेनाशी झाली.

वाट दाखविली ती या गावच्याच इतिहासाने. 1638 साली विजापूरकरांच्या सैन्याने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांना जहागीर मिळाले. सुमारे 1640 ते 1642 या काळात जिजाऊसाहेबांबरोबर शिवाजीराजेही येथे राहिले. वय ऐन खेळण्याचे, दहाबारा वर्षांचे. त्या दिवसांतील त्यांच्या खेळांची हकीकत आपल्यापाशी नाही. परंतु शहाजीराजांच्या दरबारात मोठी माणसे कोणता खेळ खेळत, हे जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त लिहून ठेवले आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला.

जयराम मूळचा नाशिककडचा. तुमच्याआमच्यासारखाच देश सोडून दूर आलेला. राजांच्या भेटीस गेला तेव्हा त्याने पुढे बारा नारळ ठेवले. हे कशासाठी, असे विचारता तो म्हणाला, मला बारा भाषांत कविता करता येते. त्यांत हिंदुस्तानी होती, तशी कानडीही होती. मग दरबारी मंडळी त्याला समस्या घालीत, म्हणजे पद्याचा एक चरण देत, आणि उरलेले पद्य त्याने तेथल्या तेथे पुरे करावयाचे.

हाच खेळ आम्ही जेवणे झाल्यावर मांडला. मी शेवटची ओळ दिली: ‘आणि नारळ हसला.’ थोरला विचारात पडला. धाकटी लगेच म्हणाली, ‘आजी म्हणाली, फोड आधी, आणि नारळ हसला.’ दुसऱ्या दिवशी शेजारची कानडी मुले आली, मग तमिळ व तेलुगू. ज्याने त्याने आपल्या भाषेत ओळ जुळवावी व इतरांना तिचा अर्थ सांगावा, असा नियम ठरला. अर्थ सांगताना माझ्या मुलांना नेमका मराठी शब्द शोधावा लागे. नाही सापडला तर ती आईकडे धावत. हुकुमाने जे साधले नव्हते, ते असे आपोआप साधले.

एका रविवारी मेट्रोने, राष्ट्रीय विद्यालय रस्त्यावर गाडी बदलून, आम्ही मल्लेश्वरास गेलो. तेथील काडू मल्लेश्वराला शहाजीपुत्र एकोजीराजांनी 1669 साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पुढे 1687 साली बंगळूर म्हैसूरकरांकडे गेले. हे सांगितल्यावर थोरल्याने विचारले, ‘मग आपले इथे काय राहिले?’ उत्तर मला तत्काळ सुचले नाही. धाकटी मात्र बोटे मोजीत होती. आमच्या इमारतीत आजवर सात भाषा सापडल्या आहेत; बारा नारळांना अजून पाच कमी. जूनपर्यंत तिला दुसरे काम नको.