ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलता येतं का? सिंथेटिक टाकावं का? नागपूरच्या उन्हात आधी हे समजून घ्या

नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर. २३ मे २०१३ रोजी तर शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा उन्हात सीताबर्डीच्या गर्दीत सरकणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला गिअर पडताना झटका बसू लागला, की मालकाच्या मनात दोन विचार येतात : गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदलून टाकू आणि टाकायचंच तर सिंथेटिक टाकू. दोन्ही शक्य आहे. मात्र यात गिअरबॉक्स बिघडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या ग्रेडमुळे किंवा चुकलेल्या लेव्हलमुळे. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लेव्हल चुकणं फार सोपं आहे.

गाडी नक्की कोणती ऑटोमॅटिक?

क्लच पेडल नाही म्हणून सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या नसतात. भारतातल्या अनेक छोट्या गाड्यांमध्ये एएमटी असतं. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा हलवते. त्यात साधारणपणे गिअर ऑइल लागतं, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड म्हणजे एटीएफ नाही. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात. त्याचं ऑइल वेगळं, कारण पट्टा न घसरता पकड टिकवणं हे त्याचं काम. ड्युअल क्लचच्या गाड्यांचं ऑइल आणखी वेगळं. एटीएफ लागतं ते प्रामुख्याने टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्सला. एकाचं ऑइल दुसऱ्यात गेलं, तर खर्च हजारांवरून लाखांवर जाऊ शकतो. म्हणून पहिलं काम गाडीचं मॅन्युअल उघडण्याचं.

उन्हाने ऑइलचं काय होतं?

एटीएफ एकाच वेळी अनेक कामं करतं. इंजिनची ताकद पुढे पोहोचवतं, दाबाने आतले क्लच दाबतं, भागांना वंगण देतं आणि उष्णता बाहेर नेतं. सिग्नलला थांबत-चालत जाताना टॉर्क कन्व्हर्टर ऑइल घुसळत राहतो आणि उष्णता वाढते. समृद्धी महामार्गावर एका वेगाने जाताना त्यातला लॉक-अप क्लच बसलेला असतो, त्यामुळे वेग जास्त असूनही ऑइलला त्रास कमी. भरलेली गाडी चिखलदऱ्याचा घाट चढते, तेव्हा मात्र ऑइल चांगलंच तापतं.

ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. काही कंपन्या ऑइलला ‘लाइफटाइम’ म्हणतात. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते.

सिंथेटिकने काय फरक पडतो?

सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त काळ टिकतं आणि थंडीतही नीट वाहतं. नागपूरसाठी पहिला गुण मोलाचा. पण अलीकडच्या बहुतेक गाड्यांत कंपनीने सांगितलेलं एटीएफ आधीच सिंथेटिक किंवा त्याच्या जवळपासचं असतं. तिथे ‘बदल’ असा काही उरत नाही. प्रश्न येतो तो जुन्या गाड्यांचा.

डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शब्दापेक्षा त्यावरचं स्पेसिफिकेशन महत्त्वाचं. जनरल मोटर्सने २००५ मध्ये आणलेलं डेक्सरॉन-६ हे आधीच्या डेक्सरॉन-३पेक्षा पातळ आहे. टोयोटाचं डब्ल्यूएस हे तिच्याच जुन्या टी-४च्या जागी चालत नाही. स्पेसिफिकेशन तेच असेल, तर मिनरल आणि सिंथेटिक एकत्र आल्याने बिघाड होत नाही. इंजिन ऑइल मात्र कितीही महाग असलं तरी इथे चालत नाही.

घरी बदलायचं तर क्रम कोणता?

१. गाडी सपाट जागेवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, भक्कम स्टँड लावावेत.

२. ऑइल भरायचा बोल्ट आधी उघडून पाहावा. तो जाम असेल आणि खालचं ऑइल सोडून दिलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते.

३. ऑइल कोमट असताना सोडावं. उकळत्या ऑइलने हात भाजतो.

४. निघालेलं ऑइल मोजावं आणि तेवढंच नवं भरावं.

५. चेंबर उघडलं, तर त्यातलं लोहचुंबक पाहावं. त्यावर बारीक करडा लगदा असणं नेहमीचं आहे. धातूचे तुकडे किंवा जळका वास असेल, तर काम थांबवून मेकॅनिकला दाखवावं.

एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकूण ८ लिटरपैकी ४ लिटर निघालं, तर पहिल्या वेळी निम्मं ऑइल नवं होतं. मध्ये काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदललं की ७५ टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे ८८ टक्के.

लेव्हल : नागपूरचा खरा पेच

अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते. इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवायचे, पुन्हा ‘पी’वर यायचं आणि लेव्हलचा बोल्ट काढायचा. ऑइलची धार थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. पण हे ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच करायचं असतं. बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतं.

मेच्या दुपारी नागपुरात सावलीतली गाडीसुद्धा याच तापमानाला असते. इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच ऑइल मर्यादा ओलांडतं. तापलेलं ऑइल फुगतं, जास्तीचं वाहून जातं आणि आत ऑइल कमी पडतं. मग पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरून जळतात. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत करणं उत्तम. उन्हाळ्यात करायचंच तर रात्रभर उभ्या गाडीवर पहाटे करावं. ऑइलचं तापमान अंदाजाने न धरता स्कॅनरवर पाहावं.

जुनं ऑइल कुठे टाकायचं?

वापरलेलं ऑइल २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. नाल्यात ओतलेलं ऑइल नाग नदीत, तिथून कन्हान आणि वैनगंगेत जातं. ते झाकणबंद डब्यात भरून, अधिकृत रिसायकलरला ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावं.

घरी कधी करू नये?

गाडी वॉरंटीत असेल, गिअर आधीच घसरत असेल, स्पेसिफिकेशन किंवा तपासणीचं तापमान सापडत नसेल, तर हे काम घरी करू नये. क्लच झिजलेला असेल, तर नव्या ऑइलने तो भरून येत नाही.