गणेशखिंडीतील लाटसाहेबांची कोठी

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत पाहणाऱ्यास ती विद्यादानासाठीच उभारली असावी असे वाटते. वस्तुतः ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची पावसाळ्यातील कोठी होय. आपल्या पाठारे प्रभू ज्ञातीचे भूषण डॉ. मुकुंदराव जयकर यांचे नाव या वास्तूशी निगडित असल्यामुळे तिची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

गणेशखिंडीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज व इंग्रज यांची गाठ पडली. तीच खडकीची लढाई. त्याच परिसरात १८६४ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी कोठीचे काम आरंभिले. अमेरिकेतील यादवीमुळे कापसास तेव्हा सोन्याचे मोल आले होते व मुंबईत पैशाला पूर आला होता. १८६५ मध्ये ती यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या बुडाल्या. कोठीचे काम मात्र थांबले नाही. १८७१ साली ती पुरी झाली. या उधळपट्टीबद्दल विलायतेच्या पार्लमेंटातही टीका झाली. ज्यांच्या वसुलातून हा खर्च निघाला त्या रयतेस विचारण्याचा प्रश्नच नव्हता!

आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. वाईट बेटावर व्हिक्टोरिया राणीसाठी बांधलेल्या ऑस्बोर्न प्रासादाची छाया त्यावर पडली आहे. इटालियन धाटणीचा उंच मनोरा, कमानींच्या लांब ओवऱ्या, नृत्य व भोजनासाठी प्रशस्त दालने, असा सारा थाट परदेशी. परंतु दगड दख्खनचा आणि छिन्नी धरणारे हातही येथलेच. आराखडा करणाऱ्याचे नाव राहिले, पाथरवट-गवंड्यांची नावे इतिहासाने जपली नाहीत. अशा वास्तू गुलामगिरीच्या खुणा म्हणून पुसून टाकाव्यात असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते पटत नाही. पैसा आपला, श्रम आपले. मग वास्तू तेवढी परक्याची कशी?

२२ जून १८९७ ची रात्र या कोठीच्या इतिहासातून वगळता येत नाही. पुणे प्लेगने पोळलेले असता येथे राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. तेथून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैस मरण पावला; आणि चापेकर फासावर गेले.

स्वातंत्र्यानंतर वास्तूचे दैव पालटले. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे या मागणीचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद जयकरांनी पूर्वीच भूषविले होते. फेडरल कोर्ट व प्रिव्ही कौन्सिल येथील न्यायासनांवर बसलेल्या या पुरुषाकडे १९४८ साली नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरुपद आले. आरंभी कचेरीस स्वतःची जागा नव्हती. भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहात कारभार चाले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सहकार्याने १९४९ च्या जूनमध्ये विद्यापीठ या कोठीत आले. १९५६ पर्यंत जयकरांनी ते सांभाळले. त्यांच्या नावाचे ग्रंथालय आज त्याच आवारात आहे. आणि २०१४ पासून, ज्या दारातून पूर्वी निमंत्रितांवाचून कोणास प्रवेश नसे, त्या दारावर सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.