नीरा-भीमेच्या थडीवर

सह्याद्रीच्या माथ्यावर शंभराहून अधिक इंच पाऊस ओतून पश्चिमेचे मेघ पूर्वेस वळतात, तेव्हा बारामती-इंदापूरच्या वाट्याला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, आणि तोही भरवशाचा नसतो. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, मधून वाहणारी कऱ्हा आणि नरसिंगपूरचा संगम अशी नद्यांची समृद्धी नकाशावर दिसत असली, तरी काठावरच्या मुरमाड रानाला तिचा लाभ शतकानुशतके झाला नाही.

अशा भूमीत धान्याच्या राशींपेक्षा कडबा आणि कुरणेच अधिक, आणि त्यांवर पोसले गेलेले भीमथडीचे तट्टू, ठेंगणे, काटक, थोड्या वैरणीवर लांबची मजल मारणारे, हेच या प्रांताचे खरे पीक होते, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. कारण ज्या घरातील सर्व हातांना शेत पुरत नव्हते, त्या घरातील तरुण याच तट्टांवर मराठी फौजेत बारगीर वा शिलेदार होऊन यमुनेपर्यंत गेला. मोहिमांना लागणारा पैसाही येथेच उभा राहत असे. कवी मोरोपंतांना आश्रय देणारे बारामतीचे बाबूजी नाईक हे सावकारही होते आणि सरदारही.

या परगण्यांचा धनी मात्र दूरच्या राजधान्यांत ठरत असे. 1636 मध्ये शहाजहान आणि विजापूरकर यांच्यात तह होऊन निजामशाही संपली, तेव्हा हा मुलूख आदिलशाहीकडे गेला. पुणे-सुप्याची जहागीर शहाजीराजांकडे राहिली, पण स्वतः त्यांना कर्नाटकाची वाट धरावी लागली.

इंग्रजी अंमलात जमाबंदीची पाहणी करणाऱ्या प्रिंगलसाहेबाने, हेलीबरीच्या विद्यालयात माल्थसच्या हाताखाली शिकलेले खंडाचे शास्त्र प्रमाण मानून, निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा 55 हा सरकारी सारा ठरविला. पुस्तकात ते शास्त्र निर्दोष असेल; परंतु जेथे निव्वळ उत्पन्नच पावसाच्या लहरीवर अवलंबून, तेथे त्या आकारणीने शेते पडीक पडली आणि कुळे गावे सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेली. माणसाला त्याच्या मातीतून उठविणारा असा हिशेब मला क्रूरच वाटतो. तो दुरुस्त करण्यासाठी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी पाहणी आरंभली ती 1835-36 मध्ये, इंदापुरातच. सारा उतरला, तीस वर्षे कायम झाला, आणि येथे सिद्ध झालेली पद्धत पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया ठरली.

ती तीस वर्षे नेमकी अशा वेळी संपली की, अमेरिकेतील यादवी युद्धाने तेथील कापूस विलायतेस पोहोचेनासा होऊन दख्खनच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला होता. नवा सारा त्या तेजीच्या छायेत वाढला, युद्ध थांबताच भाव कोसळला, सारा मात्र उतरला नाही. कुणबी सावकाराच्या दारी गेला, आणि 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांची खते-दफ्तरे जाळली. त्यापाठोपाठ 1876 चा दुष्काळ आला.

अखेर घाटमाथ्याचे पाणी भाटघरला अडवून नीरा डाव्या कालव्याने इकडे आणले गेले. ऊस आला, बागायती उभ्या राहिल्या, पुढे वालचंदनगरला साखर कारखाना निघाला. परंतु कालवा उताराने वाहतो: त्याच्या खालच्या अंगाची शिवारे भिजली, आणि जेथे खते जळली होती ते सुपे वरच्या अंगाला, जिरायतच राहिले.