स्तनाच्या कर्करोगात मालिश : कधी चालते, कधी नाही

कॅन्सर झालेल्या बाईला मालिश केली तर आजार अंगभर पसरतो, असे आजही अनेक घरांत ठामपणे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. कर्करोग पसरतो तो पेशींमधल्या बिघाडामुळे. मालिशने रक्त जेवढे खेळते, तेवढे चालण्यानेही खेळते. प्रत्यक्ष गाठीवर मात्र दाब देऊ नये. हलक्या मालिशने उपचारांच्या काळातली धास्ती आणि अंगदुखी काही वेळ कमी होते. धोका आहे तो जोराचा, आणि आपल्याकडे तर जोर लावल्याशिवाय मालिश झाली असे कुणाला वाटतच नाही.

शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या जातात. कधी मोजक्या, कधी बऱ्याच. त्या बाजूच्या हातातला द्रव वाहून नेण्याची वाट त्यामुळे अरुंद होते. म्हणून त्या बाजूचा हात, खांदा, छाती आणि पाठीचा वरचा भाग रगडू नये. हाताला सूज महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. बांगडी किंवा ब्लाउजची बाही एकाच हाताला घट्ट होऊ लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

या सुजेसाठी मालिशचा एक वेगळा प्रकार आहे. एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड या डॅनिश दांपत्याने तो 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित केला. त्यात फक्त त्वचा हळुवार सरकवून साचलेला द्रव निरोगी भागाकडे वळवतात. सोबत दाब देणारी खास बाही घालावी लागते. हे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचेच. हात लाल, गरम झाला असेल किंवा ताप असेल तर तेही थांबवून आधी जंतुसंसर्गावर उपचार घ्यावेत.

केमोथेरपीत प्लेटलेट कमी झाल्या की साध्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. तळपाय बधिर झाले असतील तर दाब जास्त झालेला तिला कळतही नाही. केमोसाठी बसवलेल्या पोर्टच्या आसपास हात लावू नये. रेडिएशन चालू असलेल्या जागी तेल नको, चोळणे नको. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती अजिबात चोळू नका, रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी असू शकते आणि टॅमॉक्सिफेनने तिची शक्यता वाढते. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे पाठीवर पाय देणे, मान कडकन मोडणे हे प्रकार बंदच ठेवावेत.

जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनने परवानगी दिली की व्रणावर बोटांनी हलके गोल फिरवता येते. हे ती स्वतःच शिकू शकते.

वस्तीत आरोग्य शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी मालिशआधी विचारावे : कोणती बाजू, कोणते उपचार चालू आहेत, डॉक्टर काय म्हणाले? हे पुरुषांनाही विचारावे, स्तनाचा कर्करोग त्यांनाही होतो. व्रण कुणाला दिसू नये असे वाटत असेल तर अंगावरचे कपडे तसेच राहू द्यावेत. डोके, तळहात आणि पावलांची हलकी मालिश तशीही करता येते.