तळटीप : चिलापी

१२. चिलापी : लेखक या माशाला ‘आमचा गावठी मासा’ म्हणतो, पण तो मूळचा आफ्रिकेचा. मोझांबिककडचा हा तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे एकदा तळ्यात शिरलेला हा मासा हटत नाही. दाटी झाली की मात्र बोटभरच राहतो. माझ्या मते त्याला आणण्यात घाई झाली.

पुढच्याच वाक्यातलं ‘हिरवं पाणी’ म्हणजे प्लवक, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म जीवसृष्टी. त्यातली शैवालं उन्हावर वाढतात, त्यांना बारीक प्राणी खातात आणि त्या प्राण्यांवर कटला पोसतो. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाला धरा. झटके देत हलणारे ठिपके दिसतील. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, ऊन आत पोचत नाही, आणि लोंढ्याबरोबर बरंचसं प्लवक वाहून जातं.

पण प्लवक असलं तरी ते खाणारा मासा लागतो; नुसतं धरण बांधलं म्हणजे मासळी आपोआप वाढत नाही. झांबेझी नदीवरच्या करिबा जलाशयात १९५८च्या अखेरीस पाणी अडलं, तरी नदीतले मासे बहुतेक काठालाच राहिले. मधल्या खोल पाण्यातलं प्लवक खायला कोणी नव्हतं. १९६७-६८मध्ये टांगानिका सरोवरातून कापेंटा हा चिमुकला मासा आणून सोडला, तेव्हा तिथे मोठी मासेमारी उभी राहिली. ती रात्री दिवे लावून चालते.

गडमुडशिंगीच्या या प्रकरणात ‘गावठी’ हा शब्द हस्तलिखिताप्रमाणेच ठेवला आहे. – संपादक